टायरचं तेज

गाडी घेताना रंगावरून घरात जेवढी चर्चा होते, तेवढी हल्ली स्थळ बघतानाही होत नाही. आजीला लाल हवी असते, मुलाला काळी, सौभाग्यवतींना 'तो कुठला तो मोतिया', आणि शेवटी दारात पांढरी येते, कारण शोरूमवाल्याकडे पांढरीच लगेच मिळत असते. टायरचा रंग मात्र कुणी कुणाला विचारत नाही. चार काळे खाली, आणि पाचवी स्टेपनी डिकीत, तीही काळीच. निवड करायला जागाच नाही म्हटल्यावर गप्प बसेल तो मराठी माणूस कसला? तो पुढचा प्रश्न काढतो: किती काळा? धुतल्यावर दिसतो तेवढा, शोरूममधून आला तेव्हा होता तेवढा, की शेजारच्यांच्या गाडीचा आहे त्याहून जरा जास्त? टायर पॉलिशचा सगळा धंदा या तिसऱ्या प्रश्नावर उभा आहे.

खरं तर टायर जन्मतः काळा नव्हता. हे सांगितलं की लोक आपल्याकडे संशयाने बघतात. रबराचा चीक पांढरा, त्यामुळे सुरुवातीच्या मोटारींचे टायरही पांढुरके असत. मिशेलिन कंपनीचा तो टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत माणूस 1898 मध्ये पोस्टरवर आला आणि तो आजतागायत पांढरा आहे, त्याचं कारण हेच. पुढे 1910 च्या दशकात टायरच्या रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे आपल्या भाषेत काजळी, मिसळायला लागले. त्याने टायर कितीतरी पटीने जास्त टिकू लागला आणि उन्हालाही पुरून उरू लागला. काळा झाल्यामुळे ज्याचं सगळीकडे भलं झालं, असं हे जगातलं दुर्मिळ उदाहरण. विवाहमंडळांनी अभ्यास करावा असं. आणि आज बाटलीवर 'कडक उन्हापासून संरक्षण' असं ठळक अक्षरांत छापून जे आपल्याला विकतात, त्याची तजवीज टायरने शंभर वर्षांपूर्वीच आतून करून ठेवलेली आहे.

मग एवढा काळा टायर सहा महिन्यांत तपकिरी का पडतो? लोक म्हणतात, धूळ. धूळ असतेच, पुण्यात राहून तिच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण सगळा दोष तिचा नाही. हवेतल्या ओझोनने रबराला भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं घालतात. गाडी धावते, टायर दबतो, फुगतो, वळतो, तसतशी ही औषधं हळूहळू आतून बाहेर येतात, हवेशी झुंज देतात आणि तपकिरी पडतात. म्हणजे जे आपल्याला कळकट वाटतं, ते टायरने स्वतःच स्वतःला लावलेलं मलम असतं. आपण ते ब्रशने खरवडून काढतो आणि त्याच्या जागी पैसे देऊन आणलेलं दुसरं लावतो. गाडीला बोलता येत नाही, हे आपल्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने बरं आहे.

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. निवृत्त, नीटनेटके. त्यांच्या गाडीवर कव्हर असतं, कव्हरवर दोरी असते आणि दोरीची गाठ फक्त त्यांनाच सोडवता येते. गाडी बाहेर निघते ती दसऱ्याला आणि पीयूसी काढायला. पण रविवारी सकाळी कव्हर गुडघ्याएवढं वर सरकवून ते चारही टायरना पॉलिश लावतात आणि कव्हर पुन्हा खाली सोडतात. ते तेज कुणाला दिसावं अशी अपेक्षा आहे, हा प्रश्न विचारायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही. घोटाळा असा, की टायर फिरलाच नाही तर आतलं मेण वर यायला वावच मिळत नाही. उभ्या गाडीच्या टायरच्या बाजूला त्यामुळे बारीक बारीक भेगा पडतात. त्यांच्याही टायरना पडल्या आहेत. पण इतक्या चकचकीत भेगा मी दुसऱ्या कुठल्याही गाडीला पाहिलेल्या नाहीत.

बाजारातलं काही आणायच्या आधी मराठी माणूस घरातलं शोधतो, आणि ते योग्यच आहे. पार्किंगमध्ये यावरून चार-पाच पंथ आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही.

खोबरेल पंथाचा दावा असा, की जे केसाला चालतं ते रबराला का चालू नये. लावल्या लावल्या टायर खरोखरच सुरेख दिसतो. मग गाडी फाटकाबाहेर पडते आणि संध्याकाळी परत येते तेव्हा टायर रस्त्याच्या रंगाचा झालेला असतो, कारण वाटेत भेटलेल्या प्रत्येक धूलिकणाने त्यावर मुक्काम ठोकलेला असतो. शिवाय सोसायटीतली कुत्री. आजवर टायरशी त्यांचा संबंध वेगळ्या कारणाने येत असे. ती आता तो चाटूनही बघू लागतात.

डिझेल पंथ जुना आणि चालक-मालक लोकांचा. पावसाळ्याआधी गाडीच्या खालून डिझेल मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे होतीच. त्याच फडक्याने जाता जाता टायरही पुसायचा. चमक येते, नाही असं नाही. पण डिझेल काय किंवा गॅरेजमधलं जळकं ऑइल काय, रबर ते पितं, फुगतं आणि मऊ पडतं. डिझेल टाकीत घालायची वस्तू आहे, आणि आजच्या भावात तिथेही हात आखडूनच.

बूटपॉलिशवाल्यांबद्दल मला आदर आहे. ब्रश तोच, डबी तीच, लहानपणी शनिवारी रात्री शाळेच्या बुटांसाठी केलेली हालचालही तीच. फक्त आता मांडी घालून बसता येत नाही. पण बुटाचं चामडं ताशी साठने धावणाऱ्या टायरसारखं दर सेकंदाला नऊ वेळा दबत नाही. त्या मेणाचे पापुद्रे सुटतात, आणि पहिल्या पावसात सोसायटीच्या फरशीवर काळ्या रेघा उठतात. मग सेक्रेटरी नोटीस लावतात. नोटिशीत नाव नसतं, पण सगळ्यांना कळतं.

त्यातल्या त्यात सोज्वळ पंथ ग्लिसरीनवाल्यांचा. केमिस्टकडून बाटली आणायची, निम्मं पाणी घालायचं, स्पंजाने फिरवायचं. रबराला त्रास नाही, दिसतंही बरं. अडचण एवढीच की ग्लिसरीन पाण्यात विरघळतं आणि हवेतला ओलावा ओढून घेऊन चिकट राहतं. म्हणजे पाऊस आला की वाहून जातं आणि धूळ आली की धरून ठेवतं. महाबळेश्वरला धूळ नाही पण पाऊस आहे. सोलापूरला पाऊस नाही पण धूळ आहे. या दोहोंच्या मध्ये, साताऱ्याच्या आसपास कुठेतरी, ग्लिसरीन दोन दिवस टिकत असावं.

या सगळ्याला कंटाळलेला माणूस वॉशिंग सेंटरवर जातो. तिथे गाडी फेसात बुडवून काढून झाली, की एक मुलगा कमरेवर हात ठेवून विचारतो, "साहेब, पॉलिश मारू का?" 'लावू का' नाही, 'मारू का'. यावर आपण नेहमीचा प्रश्न टाकतो, "कुठलं आहे?" तो म्हणतो, "भारीतलं." हे भारीतलं एका कॅनमध्ये असतं. कॅनवर कुठल्याशा इंजिन ऑइलचं नाव असतं, झाकण तिसऱ्याच कंपनीचं असतं आणि आत काय आहे हे मालकालाही सांगता येत नाही, कारण कॅन अर्धा झाला की त्यात पाणी भरायचं काम मुलाकडे असतं. मग एक ब्रश येतो. त्या ब्रशाला पूर्वी कधीतरी केस होते. आपण 'मार' म्हणायच्या आधीच पुढचे दोन टायर झालेले असतात.

इथपर्यंत ठीक आहे. खरी भीती पुढे आहे. टायर उरकल्यावर त्या मुलाच्या हातातल्या फडक्यात थोडं भारीतलं शिल्लक असतं आणि वाया घालवणं त्याच्या स्वभावात नसतं. ते तो डॅशबोर्डवर फिरवतो, मग दारांच्या आतल्या बाजूला, मग स्टिअरिंगवर, आणि फारच मनापासून काम करणारा असेल तर ब्रेक-क्लचच्या पेडलांवरही. पेडलं कधी नव्हे ती उजळतात आणि घरी जाताना पहिल्याच सिग्नलला बूट त्यांवरून सरकतो. वॉशिंग सेंटरला काहीही करू द्या, पण स्टिअरिंग आणि पेडलांना हात लावू नको हे आधी सांगा. मोठ्याने सांगा, कॉम्प्रेसर चालू असतो.

आता बाटली. पुण्यात असाल तर नाना पेठेत जा, नाहीतर तुमच्या गावात गाड्यांच्या सामानाची जी गल्ली असेल तिथे. दुकानदार विचारतो, "ग्लॉस देऊ का मॅट?" आपण म्हणतो, "टिकणारं द्या." तो म्हणतो, "काका, शो पाहिजे की टिकाऊ, ते सांगा." यावर आपल्याला दोन्ही पाहिजे असतं आणि भाव मधला पाहिजे असतो. दुकानदार हे रोज ऐकतो. तो आपल्यासमोर आठ बाटल्या मांडतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

या आठांत घराणी दोनच असतात, बाकी सगळा लेबलांचा खेळ. एक सॉल्व्हंटचं, म्हणजे पेट्रोलच्या गणगोतातल्या द्रवात विरघळवलेल्या सिलिकॉनचं. हे पारदर्शक आणि तेलकट असतं, झाकण उघडलं की रॉकेलच्या जातीचा वास येतो, आणि बाटलीवर ज्वाळेचं चित्र असतं. हे भरपूर चमकतं आणि पावसातही तग धरतं. पण त्यातला द्रव पुन्हा पुन्हा लागत राहिला की रबरातलं मेण-तेल सुटत जातं आणि टायर कोरडा पडू लागतो. डिझेल पंथाचीच ही सुशिक्षित शाखा. दुसरं घराणं पाण्याचं. यात त्याच सिलिकॉनचे बारीक कण पाण्यात घोळलेले असतात, म्हणून ते दुधासारखं पांढरं दिसतं. पांढरं लावून टायर काळा करणाऱ्या माणसाकडे वॉचमन पहिल्यांदा जरा काळजीने बघतो, पण वाळल्यावर सगळं सुरळीत होतं. याची चमक कमी, टिकणंही जरा कमी, पण रबराच्या वाटेला ते जात नाही आणि धूळही फारशी धरत नाही.

तुमचं घराणं कोणतं, हे तुम्ही टायरकडून काय अपेक्षा ठेवता त्यावर आहे. 'वेट लूक' लिहिलेल्या बाटल्या सगळ्यात पुढे मांडलेल्या असतात. म्हणजे टायर सदैव ओला असल्यासारखा दिसणार. कोकणात राहणाऱ्यांनी यावर पैसे का घालवावेत हे मला कळलेलं नाही. त्यांना हा लूक जून ते सप्टेंबर सरकारी खर्चाने, खड्ड्यांतून, घरपोच मिळतो. मला स्वतःला नव्या टायरचा तो निर्विकार मंद काळेपणा आवडतो. पार्किंगमध्ये अंधारात बॅटरी मारली तर परत डोळ्यांवर येणारा टायर हे काही सुस्थितीचं लक्षण नव्हे.

स्प्रे, जेल आणि फोम असाही एक भेद आहे. स्प्रे सोपा वाटतो, पण त्याला टायर कुठे संपतो ते कळत नाही. तो चाकावर बसतो, रंगावर बसतो, आणि चाकाच्या फटींतून आत ब्रेकच्या डिस्कवर जाऊन बसतो. ब्रेकची डिस्क ही गाडीतली अशी एक जागा आहे जिथे घर्षण हवंच असतं, आणि आपण तिथे गुळगुळीतपणा फवारतो. स्प्रेच आणला असेल तर आधी स्पंजावर मारा आणि मग स्पंज टायरवर फिरवा. जेल याबाबतीत शिस्तीचं; ते जिथे लावाल तिथेच थांबतं. फोम म्हणजे मारा आणि विसरून जा असं लेबलवर लिहिलेलं असतं. आपण मारतो. पाचव्या दिवशी फोमही विसरून जातो.

लावण्याच्या विधीत आपल्याकडे सगळ्यात मोठी गफलत होते ती क्रमात. आंघोळ न करताच अत्तर. टायरवर आधीच्या तीन पॉलिशांचा, चिखलाचा आणि तपकिरी मेणाचा थर असतो आणि त्यावर आपण चौथं चढवतो; मग ते टिकत नाही म्हणून कंपनीला नावं ठेवतो. गाडी धुण्याच्या शाम्पूने आणि ताठ ब्रशने आधी टायर घासा. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघेल. धुऊन पुन्हा घासा. फेस पांढरा निघेपर्यंत हे चालू द्या आणि मग टायर पूर्ण वाळू द्या. एवढं केल्यावर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की टायर काळाच होता आणि पॉलिशची तशी गरज नव्हती. पण बाटली आणलेली असते.

मग स्पंजावर थोडंसं घेऊन फक्त बाजूला लावायचं, पातळ. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर चुकूनही नाही. तिथे लावलं तर पहिल्या वळणाला गाडी आपलं मत मांडते. लावून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि कोरड्या फडक्याने जादाचं पुसून घ्यायचं. हे थांबणं आणि पुसणं कुणालाच जमत नाही. लावल्या लावल्या गाडी मिरवायची असते. साठ सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी साठच्या वेगाला मिनिटाला पाचशेहून जास्त फेरे घेतं, आणि त्या गरगरण्यात टायरवरचं जास्तीचं पॉलिश सुटून थेट मागच्या पत्र्यावर जातं. पांढऱ्या गाडीच्या दाराखाली चाकामागे काळे ठिपके दिसले, की समजावं मालकाने हात सैल सोडला होता. काही जण ते ठिपके रस्त्याच्या डांबराचे आहेत असं सांगतात. पण डांबर रविवारीच कसं उडतं?

पॉलिशचा सर्वांत मनःपूर्वक वापर जुन्या गाड्यांच्या बाजारात होतो. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या टायरला असं काही तेज असतं की गिऱ्हाईक किलोमीटरचा आकडाही विसरतं. या तेजाकडे पाठ फिरवून खाली बसा. टायर हा आपली पत्रिका अंगावर छापून हिंडणारा प्रामाणिक प्राणी आहे. बाजूला डीओटी या अक्षरांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे मृग लागायच्या सुमारास जन्मलेला. विक्रेता 'टायर नवेच आहेत, मागच्या वर्षी टाकलेत' असं सांगत असतो तेव्हा मधूनच हा आकडा मोठ्याने वाचावा. दुसरं म्हणजे नक्षीच्या खाचांत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झाला, मग त्याचे गाल कितीही चमकोत. हे उंचवटे शोधायला सोपं जावं म्हणून बाजूला बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. जाड पॉलिशखाली ती सापडली नाहीत, तर ती का सापडत नाहीत याचा थोडा विचार करावा.

दसऱ्याचं काय, असा प्रश्न येईल. दसऱ्याला गाडीची पूजा होणार, टायरला हळदकुंकू लागणार, झेंडूची माळ चढणार, चाकाखाली लिंबू जाणार. त्या दिवशी टायर काळा दिसायलाच हवा, यात वाद नाही. फक्त आदल्या रात्री सॉल्व्हंटचं जाड पॉलिश लावू नका. त्यावर लागलेली हळद दिवाळीपर्यंत निघत नाही आणि त्यावर चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या घेऊन गाडी आठवडाभर ऑफिसला जाते.

इतक्या बारकाईने टायरकडे बघणारे आपण एक गोष्ट मात्र बघत नाही, ती म्हणजे हवा. बऱ्याच गाड्यांच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर हवेचा दाब लिहिलेला असतो. लहान गाड्यांना साधारण 30 ते 35 पीएसआयच्या दरम्यान. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते आणि बहुधा त्यामुळेच तिला मान नाही. टायर आरशासारखा आणि आत हवा पंचवीस, अशा गाड्या एक्स्प्रेसवेवर दर रविवारी लोणावळ्याकडे जाताना दिसतात. स्टेपनीबद्दल तर बोलूच नये. तिला कुणी पॉलिश लावत नाही आणि हवाही भरत नाही.

तेव्हा दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून परत वळला, की त्याला सांगा: पाण्यातलं द्या, मॅट द्या, लहान बाटली द्या. तो जरा हिरमुसेल, कारण मोठी वेट लूकची बाटली त्याने आधीच पिशवीत घातलेली असेल. ती परत काढायला लावा. महिन्यातून एकदा, टायर घासून वाळल्यावर, एवढी लहान बाटली वर्षभर पुरते. आणि तीच बाटली उचलून उत्साहाच्या भरात स्कूटर किंवा मोटरसायकलकडे वळू नका. चारचाकी वळताना टायरच्या बाजू रस्त्याला टेकत नाहीत. दुचाकी वळताना कलते आणि जिथे तुम्ही पॉलिश लावलेलं असतं त्याच्या अगदी जवळची कड रस्त्याला टेकवते. दुचाकीच्या टायरला पाणी, शाम्पू आणि ब्रश, एवढंच. बाकी काहीही नको.